बाबागाडी घेतांना

मूल जन्माला आलें म्हणजे घरांत पाळणा येतो, दुपटीं येतात, झबलीं-टोपडीं येतात, आणि बारशाच्या दिवशीं आप्तेष्टांकडून वाळे, मनगट्या व खुळखुळे येतात. ह्यांपैकीं काय घ्यावें, काय घेऊं नये व कोणती वस्तु किती दिवस पुरते हें घरांतील वडील स्त्रियांस पूर्ण ठाऊक असतें. तें त्यांस कोणी शिकविण्याचें कारण नसतें. परंतु अलीकडे ह्या यादींत एका अशा वस्तूची भर पडली आहे कीं, जिच्या बाबतींत आजीचा अनुभव फारसा उपयोगी पडत नाहीं आणि आईस तर अनुभव यावयाचाच असतो. ती वस्तु म्हणजे बाबागाडी.

आमच्या लहानपणीं बहुतेक घरांतून बाबागाडीचा प्रश्नच उद्भवत नसे. मूल ह्या कडेवरून त्या कडेवर जात असे. आजी, काकू, आत्या, थोरली बहीण, आणि कधीं कधीं शेजारच्या बिऱ्हाडांतील मुलीहि त्यास हिंडवून आणीत. आतां कुटुंब एकत्र असलें तरी दिवसांतील नऊ-दहा तास तें एकत्र नसतें. मुलगा कामावर, धाकटा दीर बंगलोरास, नणंद परदेशीं. सुनेची प्रसूतीची रजा संपली म्हणजे तीहि कामावर. घरीं उरतात तीं आजी-आजोबा आणि बाळ. दवाखाना, लस टोचणें, देवदर्शन, माहेर, संध्याकाळची बाग, ह्या सर्व ठिकाणीं जावयाचें तें दारांत उभ्या असलेल्या एका लहान मोटारींतून. आणि बाबागाडीसहि त्याच मोटारींतून जावें लागतें. म्हणून बाबागाडी घ्यावी कीं न घ्यावी हा वाद आतां उरलेला नाहीं. कोणती घ्यावी, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याच प्रश्नाचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें सांगणें थोडक्यांत असें आहे. बाबागाडी बहुधा बाळाकडे पाहून घेतली जाते. ती उचलणाऱ्या हाताकडे पाहून घेतली पाहिजे. बाळ कोणत्याहि बऱ्या गाडींत सुखानें बसतें. परंतु ती गाडी उघडणें, मिटणें, जिन्यावरून खालीं आणणें, मोटारीच्या डिकींत घालणें व पुन्हां बाहेर काढणें हीं कामें दिवसांतून दोन-चार वेळां कोणाला तरी करावीं लागतात. आणि तो ‘कोणी तरी’ दुकानांत पैसे देणारा पुरुष क्वचितच असतो.

आमच्या परिचयाच्या एका घरीं बारशाच्या वेळीं मामांनीं मोठ्या हौसेनें एक भव्य बाबागाडी दिली. तिचीं चाकें मोठीं, बैठक मऊ, वर टोप, खालीं सामानाची टोपली, पुढें पेल्यासाठीं जागा. कशाचीहि उणीव नव्हती. वजन मात्र तेरा किलो. घर दुसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी, उद्वाहक नाहीं. पहिले पंधरा दिवस मुलाच्या वडिलांनीं ती रोज खालीं उतरविली. पुढें ते कामावर रुजू झाले आणि गाडी जिन्याखालीं उभी राहिली. आतां तींत वाळलेले कपडे ठेवतात. आजीबाई आम्हांस म्हणाल्या, “बाळाला बाहेर न्यावंसं फार वाटतं, पण गाडी खालीं नेऊं कीं बाळाला नेऊं?” वस्तु चांगली होती, देणाऱ्याचें मनहि मोठें होतें, तरी त्या वस्तूमुळें एक वृद्ध स्त्री व एक तान्हें मूल घराबाहेर पडूं शकलीं नाहींत. निवड करतांना डावावर लागलेली गोष्ट ही आहे.

जड गाडीचा हा दोष मुळांत कोठून आला हें समजण्यास थोडा इतिहास पाहणें बरें. बाबागाडीचा उगम श्रीमंतांच्या घरीं झाला. १७३३ च्या सुमारास इंग्लंडांत विल्यम केंट ह्या वास्तुशिल्पज्ञानें डेव्हनशायरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांकरितां शिंपल्याच्या आकाराची एक गाडी केली. ती बकरीनें किंवा लहानशा तट्टानें ओढावयाची होती. पुढें १८७७ सालीं विल्यम विल्सन ह्यानें लीड्स शहरीं ‘सिल्व्हर क्रॉस’ हा गाड्यांचा कारखाना काढला, आणि स्प्रिंगांवर डुलणाऱ्या त्याच्या उंच गाड्या प्रतिष्ठेच्या कुटुंबांतून मिरवूं लागल्या. ह्या गाड्या जड असत, परंतु त्याचें कोणास कांहीं वाटत नसे. कारण त्या ढकलण्यास दाई असे व चढवण्या-उतरवण्यास नोकर असत. गाडी उचलणारा हात हा विकत घेणाऱ्याचा हात नव्हता.

हा प्रकार बदलला तो एका निवृत्त गृहस्थामुळें. ओवेन मॅक्लॅरन हा इंग्रज विमान-यंत्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धांतील प्रसिद्ध स्पिटफायर विमानाच्या चाकांचा जो सांगाडा उड्डाणानंतर मिटून पंखांत शिरतो, त्यावर त्यानें काम केलें होतें. आपली मुलगी नातवंडासह प्रवास करतांना अवजड बाबागाडीशीं कशी झटापट करते हें त्यानें पाहिलें आणि विमानाच्या चाकांची विद्या त्यानें नातवंडाच्या गाडीस लाविली. ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्या, मध्यें कापडाची बैठक, आणि छत्रीप्रमाणें एका हातानें मिटणारा सांगाडा, अशी ती गाडी होती. १९६५ सालीं त्यानें पेटंटाकरितां अर्ज केला व १९६७ पासून ती बाजारांत आली. तिचें वजन सहा पौंड, म्हणजे सुमारें पावणेतीन किलो होतें. आजच्या हलक्या गाड्यांपैकीं बहुतेक त्याच कल्पनेच्या वंशजा आहेत. वाचकांनीं लक्षांत घ्यावें कीं, ह्या शोधाच्या मुळाशीं बाळाची अडचण नव्हती, बाळाच्या आईची होती.

आज दुकानांत ज्या हलक्या गाड्या दिसतात त्यांचे घडीवरून दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग छत्रीच्या घडीचा. ही गाडी मिटली म्हणजे बारीक व लांब होते. लांबी सुमारें एक मीटर किंवा किंचित् अधिक. दुसरा वर्ग पेटीच्या घडीचा. ही गाडी तीन ठिकाणीं दुमडून आंखूड व चपटी होते. ह्या वर्गांतील ‘योयो’ नांवाची फ्रेंच गाडी २०१२ सालीं आली व पुष्कळांनीं तिचें अनुकरण केलें. तिची घडी ५२ सें.मी. लांब, ४४ सें.मी. रुंद व १८ सें.मी. जाड आहे आणि वजन सहा किलोंच्या आसपास आहे. आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघटनेनें हातसामानासाठीं सुचविलेलें माप ५६ × ४५ × २५ सें.मी. आहे, त्या मापांत ही घडी बसते. ज्यांची मुलें परदेशीं आहेत त्यांना ह्याचा उपयोग सांगावयास नको. मात्र प्रत्येक विमान कंपनीचा नियम निराळा असतो, तो आधीं विचारून घ्यावा.

आतां मोटारीच्या डिकीकडे वळूं. मोटारींचे विक्रेते डिकीचें माप लिटरांत सांगतात. २०२२ सालीं आलेल्या मारुतीच्या आल्टो के-१० ची डिकी २१४ लिटरांची आहे, टाटांच्या टियागोची २४२ लिटरांची, आणि २०१९ सालीं नव्या रूपांत आलेल्या वॅगन-आरची ३४१ लिटरांची. हे आंकडे खोटे नाहींत, परंतु आपल्या कामाचेहि नाहींत. थोडें गणित करून पाहूं. वर सांगितलेल्या पेटीच्या घडीचें घनफळ ५२ × ४४ × १८ म्हणजे सुमारें ४१ लिटर होतें. छत्रीच्या घडीची गाडी १०५ सें.मी. लांब, ३० रुंद व २५ जाड धरली तर तिचें घनफळ सुमारें ७९ लिटर येतें. आल्टोच्या २१४ लिटरांत दोन्ही सहज मावल्या पाहिजेत, असें गणित म्हणतें. प्रत्यक्षांत छत्रीची गाडी लहान डिकींत आडवी शिरतच नाहीं, असें वारंवार घडतें. कारण दोन्ही बाजूंस मागच्या चाकांचे उंचवटे आंत आलेले असतात. लिटर हें पाण्याचें माप आहे. पाणी कोपऱ्याकोपऱ्यांत शिरतें. गाडीची दांडी शिरत नाहीं.

म्हणून दुकानांत जाण्यापूर्वी टेप घेऊन डिकी मोजावी. रुंदी मोजतांना ती चाकांच्या उंचवट्यांच्या मधली मोजावी, वरची नव्हे. खोली मोजतांना मागचें आसन नेहमींच्या जागीं असूं द्यावें. उंची झांकणापर्यंत न मोजतां, झांकण लावल्यावर कांच जेथें येते तेथपर्यंत मोजावी. ह्याहून सोपा उपाय असा: पसंत पडलेल्या गाडीच्या घडीचीं मापें विचारून तेवढ्या मापाचें पुठ्ठ्याचें खोकें घरीं करावें व तें डिकींत ठेवून पाहावें. पण डिकी रिकामी करून पाहूं नये. आठवड्याच्या भाजीच्या दोन पिशव्या, बाळाची पिशवी आणि आजोबांची काठी, एवढें सामान ठेवून मग जागा उरते कीं नाहीं हें पाहावें. कारण रोजच्या व्यवहारांत डिकी कधींच रिकामी नसते.

पुण्या-मुंबईकडील पुष्कळ लहान मोटारी नैसर्गिक वायूवर चालतात. त्यांपैकीं बहुतेकींत वायूची टाकी डिकींतच आडवी बसविलेली असते. ती पन्नास-साठ लिटर धारणेची असली तरी तिच्या वर, खालीं व मागें उरणारी जागा वेडीवांकडी असते. अशा मोटारींत छत्रीची गाडी नेण्याचा विचारच करूं नये. पेटीची चपटी घडी टाकीच्या मागें उभी राहूं शकते, पण तीहि मोजून पाहूनच घ्यावी. २०२३ पासून टाटांनीं आपल्या कांहीं मोटारींत एका मोठ्या टाकीऐवजीं तीस-तीस लिटरांच्या दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशीं बसविण्याची युक्ति काढली. त्यामुळें वरची जागा बरीचशी मोकळी राहते. ज्या घरीं लेंकुरवाळी सून आहे व मोटारहि नवी घ्यावयाची आहे, त्यांनीं ह्या गोष्टीचा विचार अवश्य करावा.

डिकींत जागा नाहीं म्हणून मिटलेली बाबागाडी मागच्या आसनावर मोकळी टाकण्याची रीत दिसते. ती धोक्याची आहे. मोटार एकदम थांबली तर सहा किलोंची ती वस्तु पुढें फेंकली जाते, आणि तिच्या शेजारीं बहुधा बाळच असतें. डिकी अगदींच अपुरी असेल तर गाडी पुढच्या आसनाच्या मागें, पायांपाशीं घट्ट बसेल अशी ठेवावी. हें पेटीच्या घडीस शक्य होतें, छत्रीच्या घडीस होत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा, वजनाचा. सहा किलो म्हटलें कीं तें कानाला हलकें वाटतें. सहा लिटर पाण्यानें भरलेली बादली एका हातानें उचलून दोन जिने उतरून पाहावे, म्हणजे त्याचा अर्थ कळतो. शिवाय दुसरा हात रिकामा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या कोष्टकाप्रमाणें सहा महिन्यांच्या मुलाचें मध्यम वजन ७.९ किलो व मुलीचें ७.३ किलो असतें. वर्षाच्या मुलाचें ९.६ व मुलीचें ८.९ किलो. म्हणजे वर्षाचें बाळ कडेवर व सहा किलोंची गाडी हातांत घेतली तर पंधरा किलो झाले. गाडी बारा किलोंची असेल तर बेरीज एकवीसांवर जाते. साठी उलटलेल्या व गुडघे दुखणाऱ्या बाईनें हें ओझें जिन्यावरून न्यावें अशी अपेक्षा करणें हा अन्याय आहे. शस्त्रक्रिया होऊन बाळंत झालेल्या सुनेस तर पहिले सहा आठवडे बाळाहून जड कांहीं उचलूं नये असें डॉक्टरच सांगतात.

डिकींत घालतांना वजन आणखी जाणवतें. लहान मोटारींची डिकी खालपर्यंत उघडत नाहीं. तिला उंच कांठ असतो. गाडी आधीं त्या कांठावर उचलावी लागते व मग हात लांब करून आंत खालीं सोडावी लागते. सर्व ताण कंबरेवर येतो. ह्यासाठीं आमची सूचना अशी कीं, जिन्याच्या घरीं गाडी सहा-सात किलोंच्या वर जाऊं देऊं नये. छापील वजन कधीं कधीं टोप, टोपली व पट्टे सोडून दिलेलें असतें. म्हणून प्रवासाच्या पेट्या तोलण्याचा लहान कांटा बरोबर नेऊन सबंध गाडी तोलावी. खांद्याला अडकविण्याचा पट्टा असेल तर तो मोठाच फायदा, कारण त्यानें कठड्याला धरावयास हात मोकळा राहतो.

दुकानांत परीक्षा कशी घ्यावी? विक्रेता गाडी एका झटक्यांत मिटून दाखवितो. त्यानें तें दिवसांतून पन्नास वेळां केलेलें असतें. त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. गाडी आईनें मिटून पाहावी, आजीनें मिटून पाहावी, आणि दोघींनींहि बाळास कडेवर घेऊन एका हातानें मिटून पाहावी. मिटल्यावर ती आपोआप अडकते कीं उचलतांना पुन्हां उघडते, हें पाहावें. मग ती तशीच उचलून दुकानाबाहेरच्या मोटारीपर्यंत न्यावी व डिकींत ठेवावी. भला दुकानदार ह्यास नाहीं म्हणत नाहीं. जी गाडी आजीच्या हातून तीन खेपांत मिटत नाहीं, ती कितीहि सुंदर असली तरी त्या घरची नव्हे.

ढकलण्याचा दांडा कोठवर येतो हेंहि पाहावें. एकत्र कुटुंबांत ढकलणारे हात निरनिराळ्या उंचीचे असतात. दांडा आजीच्या छातीशीं येऊं नये व उंच मुलास वांकावें लागूं नये. साधारणपणें तो कमरेच्या किंचित् वर असावा. चालतांना पाऊल मागच्या आंसावर आपटत नाहीं ना, हें चार पावलें चालून पाहावें. गाडी थांबवून ठेवण्याचा खटका पायानें दाबून लावावा लागतो. कांहीं गाड्यांत तो सोडतांना पायाच्या बोटांनीं वर उचलावा लागतो. बूट घालणाऱ्या देशांत ह्याचें कांहीं वाटत नाहीं. आपल्या स्त्रिया चपला घालतात, त्यांच्या अंगठ्यास तो लागतो. दाबून लावावयाचा व दाबूनच सोडावयाचा खटका बरा. पदर किंवा ओढणी चाकांत जाणार नाहीं ह्याची संवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

वजन कमी म्हटलें कीं चाकें लहान आलींच, आणि येथें आपल्या रस्त्यांचा प्रश्न येतो. भारतीय रस्ते परिषदेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें पदपथाची कड १५० मिलिमीटरांहून उंच नसावी व चालण्यास किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी. पुण्यास जंगली महाराज रस्त्यावर रुंद केलेल्या पदपथावरून बाबागाडी सुखानें जाते. तीच गाडी पेठेंतील गल्लींत आणली कीं कड, नंतर खड्डा, नंतर उभी केलेली दुचाकी अशी शर्यत सुरू होते. आतां पदार्थविज्ञानांतील एक साधी गोष्ट आठवावी. ज्या पायरीची उंची चाकाच्या त्रिज्येइतकी किंवा तिच्याहून अधिक असेल, त्या पायरीवर तें चाक नुसतें पुढें ढकलून चढत नाहीं. हलक्या गाडीच्या चाकाचा व्यास १४ सें.मी. धरला तर त्रिज्या सातच सें.मी. होते, आणि कड असते पंधरा. मग जोरानें ढकलून काय होणार? गाडी अडते आणि बाळ पुढें झुकतें. अशा वेळीं दांडा खालीं दाबून पुढचीं चाकें उचलावीं व कडेवर टेकवावीं, किंवा गाडी फिरवून मागचीं चाकें आधीं वर ओढून घ्यावीं. उतरतांना पाठमोरें होऊन मागचीं चाकें आधीं उतरवावीं. पुढचीं चाकें गरगर फिरणारीं असतात. खडबडीत जागीं तीं सरळ अडकवून ठेवण्याची सोय असावी.

उचलणाऱ्या हाताचा विचार झाला म्हणजे बाळाच्या सुरक्षिततेच्या चार गोष्टी पाहावयाच्या राहतात, व त्यांत तडजोड करूं नये. पहिली, पाठ. जें मूल आपलें आपण बसूं शकत नाहीं, म्हणजे साधारणतः सहा महिन्यांपर्यंत, त्यास उभट बैठकीच्या गाडींत ठेवूं नये. त्यास सपाट निजतां आलें पाहिजे. पुष्कळ हलक्या गाड्यांची पाठ पूर्ण सपाट होत नाहीं. तेव्हां ज्या घरीं मांडी आहे, पाळणा आहे व घेणारे हात आहेत, त्यांनीं पहिले सहा महिने गाडी न घेतां थांबावें हें उत्तम. दुसरी, पट्टा. तो खांद्यांवरून दोन, कमरेचे दोन व पायांमधून एक असा पांच पदरी असावा, आणि ‘दोन मिनिटांसाठीं काय बांधावयाचें’ असें न म्हणतां प्रत्येक वेळीं बांधावा.

तिसरी, बिजागरी. गाडी जेथें दुमडते तेथें कातरीसारखी हालचाल होते. २००९ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंत मॅक्लॅरन कंपनीच्या सुमारें दहा लक्ष गाड्या बिजागरीच्या दोषावरून परत मागविण्यांत आल्या. उघडझांप चालू असतांना मुलांच्या बोटांचीं टोंकें तुटल्याच्या बारा घटना तेथें नोंदल्या गेल्या होत्या. कंपनीनें बिजागऱ्यांवर चढविण्यासाठीं आच्छादनें दिलीं. ह्यावरून घ्यावयाचा बोध हा कीं, बिजागऱ्या झांकलेल्या असाव्या व गाडी उघडतांना-मिटतांना मूल हातभर दूर असावें. युरोपांतील ‘ईएन १८८८’ हें मानक ह्या सर्व गोष्टींची परीक्षा सांगतें; त्याचा उल्लेख गाडीवर आहे कीं काय तें पाहावें. २०१८ च्या त्याच्या आवृत्तींत १५ किलोंपर्यंतच्या मुलांसाठीं एक व १५ पासून २२ किलोंपर्यंत दुसरा असे दोन भाग आहेत.

चौथी, ऊन आणि धूर. टोप पुढपर्यंत येणारा असावा. पण उन्हापासून संरक्षण म्हणून सबंध गाडीवर दुपटें टाकण्याची जी रीत आहे ती सोडून द्यावी. आंत हवा कोंडते, उष्मा झपाट्यानें वाढतो, आणि बाळ घामाघूम झालेलें बाहेरून दिसत नाहीं. दुपटें न टाकतां सावलीचा रस्ता धरावा. गाडींतील बाळाचें तोंड जमिनीपासून अर्ध्या ते पाऊण मीटरावर असतें, आणि मोटारींच्या धुराचे नळहि त्याच पातळीवर असतात. इंग्लंडांतील सरे विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१८ सालीं असें दाखविलें कीं, अशा उंचीवर बाळास मोठ्या माणसापेक्षां साठ टक्क्यांपर्यंत अधिक दूषित हवा मिळूं शकते. म्हणून चौकांत थांबतांना गाडी रस्त्याच्या कडेस न लावतां चार पावलें मागें ठेवावी. दांड्यास भाजीच्या पिशव्या अडकवूं नयेत. हलकी गाडी त्या वजनानें मागें उलटते.

एक गोष्ट निक्षून सांगावयाची ती ही कीं, बाबागाडी म्हणजे मोटारींतील बाळाचें आसन नव्हे. २०१९ च्या सुधारलेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणें चौदा वर्षांखालील मुलास मोटारींत पट्ट्यानें किंवा बालकांच्या सुरक्षा-आसनानें बांधलेलें असलें पाहिजे. नाहींतर एक हजार रुपये दंड आहे. दंडाची गोष्ट गौण. आजीच्या मांडीवरचें बाळ घरांत सर्वांत सुरक्षित असतें, पण वेगांत असलेली मोटार अडखळली तर कोणाचेहि हात त्यास धरून ठेवूं शकत नाहींत. हें आसन मागच्या बाजूस बसवावें लागतें व तें लहान मोटारींत बरीच जागा अडवितें. म्हणून पैशांची मर्यादा असेल तर आधीं चांगलें आसन घ्यावें व उरलेल्या पैशांत बाबागाडी घ्यावी. ह्याच्या उलट करूं नये. डिकी मोजतांनाहि हें आसन मोटारींत बसवूनच मग मोजावें.

किंमतीच्या बाबतींत दुकानांत थोड्या हजारांपासून चाळीस हजारांच्या वरपर्यंतच्या गाड्या मिळतात. येथें एक जुनी गोष्ट आठवते. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचें नांवच मुळीं एका बालकाच्या गाडीवरून पडलें आहे. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशीं खेळून आला व घरची मातीची गाडी त्यास नकोशी झाली. वसंतसेनेनें त्या मातीच्या गाडींत आपले अलंकार घातले, आणि पुढें न्यायसभेंत चारुदत्तावर आलेलें संकट त्याच अलंकारांनीं बळावलें. आजकाल सोन्याच्या गाडीसाठीं रडणारा रोहसेन पाळण्यांत नसतो; तो तिशी ओलांडलेला असतो व शेजाऱ्याच्या मुलाची गाडी पाहून आलेला असतो. बाळास मातीची व सोन्याची सारखीच. गाडीचा उपयोग फार तर तीन वर्षें, तेव्हां नात्यांत कोणाकडे चांगली गाडी पडून असेल तर ती घेण्यांत कमीपणा मानूं नये. मात्र तिचे पट्टे, खटका, बिजागऱ्या व चाकें नीट पाहून घ्यावीं, आणि ती मोजावी व तोलावीहि.

हीं सर्व मापें घेण्यापूर्वी घरांतील मंडळींनीं एके रात्रीं जेवणें झाल्यावर एकत्र बसून तीन प्रश्नांचीं उत्तरें ठरवावीं. बाळास रोज संध्याकाळीं बाहेर कोण नेणार? तें माणूस किती वजन उचलूं शकतें? आणि गाडी रोज कोणत्या रस्त्यावरून जाणार? पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘आजी’ असें आलें तर दुकानांत आजीस बरोबर न्यावें, आणि शेवटचा शब्द तिचा असूं द्यावा. पुष्कळ घरांतून अशा खरेदीच्या वेळीं आजीस विचारीत नाहींत. तिला नव्या वस्तूंतलें काय कळतें, असें समजतात. तिला गाडींतलें कळत नसेल, पण आपल्या मनगटांत व गुडघ्यांत किती बळ उरलें आहे हें तिच्याइतकें दुसऱ्या कोणासहि कळत नाहीं.